नवव्या बरगडीची गळती

घणाचे घाव सात होते. पहिल्याच घावात माणूस संपला होता, बाकीचे सहा नुसते रागाचे होते, असं पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टर मंडळी एरवी इतकं मोकळं बोलत नाहीत, पण ती कवटी पाहून त्यांनाही राहवलं नसावं.

मेलेला माणूस दगड कापण्याच्या कारखान्यातला भागीदार. वेळ भर दुपारची, जेवणाच्या सुट्टीची. पोलिसांनी तासाभरात पकडलं ते कारखान्याच्या मालकाच्या धाकट्या भावाला. त्या धाकट्याची बायको तिसऱ्या दिवशी सकाळी शंकाबाईंच्या दारात उभी होती.

शंकाबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. विमा कंपनीत बावीस वर्षं त्यांनी आजारपणाचे खोटे दावे पकडले आणि फजिती झालेल्या लोकांनी त्यांना हे नाव दिलं. नोकरी सोडल्यावर त्यांनी तेच दारावर रंगवून घेतलं. सोबतीला त्यांचा धाकटा दीर. बसवर तीस वर्षं ड्रायव्हर होते, आता वहिनींची गाडी चालवत. भाऊजी गाडी झकास चालवत, डोकं मात्र पहिल्या गिअरमध्येच असे.

"बस," शंकाबाई म्हणाल्या. "आधी पाणी पी. मग बोल."

धाकटीने पाण्याला हात लावला नाही. "ताई, कोठडीत त्यांचा उजवा हात मोडलाय. कबूल कर, कबूल कर म्हणून मारतात. ते अजून नाही म्हणतायत. पण माणूस आहे, किती सोसेल? परवापर्यंत काहीही कबूल करतील. त्याच्या आत मला माझा माणूस परत हवाय."

"खून त्याने केला नाही कशावरून?"

"त्यांना कोंबडी कापलेली बघवत नाही."

"हे कोर्टात नाही चालायचं," भाऊजी म्हणाले. शंकाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

धाकटीने सगळं सांगितलं. भागीदार मारकुटा होता. कामगारांना पाइपने झोडायचा. त्या दिवशी सकाळी त्याने सगळ्यांदेखत धाकट्याच्या तोंडावर रबरी पाइप हाणला. पुढचा दात पडला. रक्त थुंकत धाकटा ओरडला, "तुझं डोकं फोडीन एक दिवस!" वीस जणांनी ते ऐकलं.

एक वाजता मशीन बंद झाली. कामगार फाटकाजवळच्या पत्र्याखाली जेवायला बसले. भागीदार रोजच्यासारखा आत आपल्या केबिनमध्ये जेवत होता. धाकटा कारखान्यातच, मागच्या भिंतीआडच्या नळावर तोंड धूत एकटाच बसला होता. पावणेदोनला तो पुढे आला, तर भागीदार मशीनपाशी पडलेला. त्याने त्याला उचलायला पाहिलं आणि शर्ट रक्ताने माखला. कामगार आले ते हे बघायला.

"मागचं दार?"

"आतून कडी. पुढे फाटकात वॉचमन. कोणी आलं नाही, गेलं नाही. मी आणि माझी मोठी जाऊ औषधाच्या दुकानात गेलो होतो, तेही त्याने पाहिलंय."

"म्हणजे आत तिघंच. मेलेला, तुझा नवरा आणि?"

"दादा. माझे थोरले दीर, कारखान्याचे मालक. पण त्यांना मोजू नका ताई, त्यांना उभंच राहता येत नाही. चौदा महिने अंथरुणावर आहेत."

चौदा महिन्यांपूर्वी दगडाची एक स्लॅब घसरली, थोरल्याने उडी मारली आणि तो पाठीवर पडला. मणक्यातल्या मज्जेभोवती जे पाणी असतं, त्याची पिशवी कुठेतरी फाटली. ते पाणी झिरपत राहिलं. आपला मेंदू त्या पाण्यावर तरंगतो. पाणी कमी पडलं की उभं राहिल्यावर मेंदू खाली ओघळतो. थोरला तीन मिनिटं उभा राहिला की डोकं फुटायला येई, पाचव्या मिनिटाला ओकून जमिनीवर. आडवा झाला की ठणठणीत.

"चला भाऊजी," शंकाबाई उठल्या. "गाडी काढा."

---

कारखान्याच्या जमिनीवर घोट्याइतकं गढूळ पाणी होतं. दगड कापताना पात्यावर सतत पाणी सोडावं लागतं, ते गाळासकट एका हौदात जातं. पावलांचे ठसे मिळायचा प्रश्नच नव्हता. मशीनच्या अंगाला मात्र अजून काळपट शिंतोडे होते, पुरुषभर उंचीपर्यंत. भाऊजींनी ते पाहिले आणि रुमाल तोंडाला लावला.

"मारणाऱ्याच्या अंगावरही उडालं असणार," शंकाबाई म्हणाल्या.

"धाकट्याच्या शर्टवर होतंच की, वहिनी."

"माखलेलं होतं, भाऊजी. उडालेलं वेगळं, माखलेलं वेगळं."

भिंतीवर रबरी एप्रन टांगायच्या आठ खुंट्या होत्या. एप्रन सात. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, "सोमवारी सकाळी, खुनाच्या दिवशी, आठ होते. कुणी पळवला असेल. इथे साबणसुद्धा टिकत नाही."

वॉचमन म्हातारा होता, पूर्वी इथेच स्लॅब रचायचा. थोरला पडला त्या दिवसाबद्दल शंकाबाईंनी विचारलं तेव्हा त्याने आधी केबिनकडे पाहिलं, मग तिथे आता कोणी नाही हे आठवून बोलला. "स्लॅबखालची पाचर निसटली म्हणाले सगळे. बाई, तीस वर्षं मी पाचरी ठोकल्या. पाचर आपणहून निसटत नाही. पण तेव्हा बोलायची माझी छाती नव्हती."

मशीनच्या मागून एक जिना थेट वर घरात जात होता. चौदा पायऱ्या. शंकाबाईंनी त्या मोजल्या, भाऊजींनी प्रत्येकीवर सुस्कारा टाकला.

थोरला खोलीत सपाट उताणा पडला होता, डोक्याखाली काही नाही. चेहरा देखणा, दाढी नीट केलेली. उशाशी खुर्चीवर तीन उशा रचल्या होत्या. उकाड्यामुळे पायांवरची चादर सरकली होती. उजव्या तळव्याला, बोटांच्या मुळाशी, चिकटपट्टी होती.

"पडून पडून जखमा होतात," त्याची बायको म्हणाली आणि चादर ओढून घेतली. थोरली थकलेली होती. तिचे हात साबणाने पांढरे पडले होते.

"अरेरे," भाऊजी कळवळले.

"माझा भाऊ कसा आहे?" थोरल्याने विचारलं.

"हात मोडलाय त्याचा," शंकाबाई म्हणाल्या.

थोरल्याने डोळे मिटले. डोळे मिटूनच म्हणाला, "सुटेल तो. पोलिसांकडे पुरावा काय आहे? नुसता शर्ट."

"त्या दुपारी काही ऐकू आलं?"

"मशीन बंद झाली की मी झोपतो. ओरडा झाला तेव्हा जाग आली. उठून बघायची सोय नाही." त्याने दोन बोटांनी कपाळ आणि भुवया दाबल्या. "माफ करा. डोळ्यांच्या मागे कुणीतरी अंगठे रोवल्यासारखं होतं."

"भागीदार कसा होता तुमच्याशी?"

"रोज संध्याकाळी इथे बसायचा. फळं कापून द्यायचा. स्वतःच्या हाताने भरवायचा." हे म्हणताना त्याचा आवाज जराही हलला नाही.

जिन्याशी शंकाबाईंनी थोरलीला थांबवलं. "तीन उशा कुणाच्या?"

"त्यांच्याच. दिवसा लागत नाहीत, रात्री लागतात. महिना झाला, माझीसुद्धा घेतली. मी आपली हाताची उशी करते." ती कसनुसं हसली.

"आणि त्या दुपारी औषधाला दोघी गेलात?"

"ते म्हणाले, दोघी जा, जरा बाहेरची हवा खा. त्यांची गोळी संपली होती. डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना दिली होती तीच. एवढ्या औषधांत तेवढी एकच मानवली. तिसरं पाकीट आणलं." तिने पाकीट दाखवलं. शंकाबाईंनी नाव वहीत उतरवलं.

खाली आल्यावर भाऊजी म्हणाले, "माणूस भला आहे हो, वहिनी. स्वतः मरणाच्या दारात, तरी भावाची चौकशी करतो."

"तळव्याची चिकटपट्टी पाहिलीत?"

"पाहिली ना. अंथरुणाची जखम."

"बरं," शंकाबाई म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

---

थोरल्याच्या मणक्याची चित्रं काढणारी डॉक्टर चाळिशीची होती, आणि दुखावलेली होती. तिने पडद्यावर चित्रं लावली. काळ्या पार्श्वभूमीवर पाठीचा कणा, त्याच्या कडेने पांढरी रेघ.

"ही पांढरी रेघ म्हणजे आम्ही सुईने सोडलेला डाय, चित्रात उठून दिसणारं औषध. पाण्यापेक्षा जड असतो, म्हणून ज्या कुशीवर माणूस झोपतो त्या बाजूला साचतो. गळती शोधायची तर त्याच बाजूला सापडते. पहिल्या दिवशी उजव्या कुशीवर निजवलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी डावी कूस. टेबल डोक्याकडून खाली कलतं केलं, की डाय कण्याभर पसरतो. आणि हे बघा."

नवव्या बरगडीच्या पातळीवर पांढऱ्या रेघेतून केसाइतका एक धागा बाहेर निघून एका शिरेत शिरत होता.

"पाणी थेट रक्तात चाललं होतं," डॉक्टर म्हणाली. "वर्षभर कुणाला सापडलं नव्हतं. सहा आठवड्यांपूर्वी मी तिथेच सुईने गोंद भरला. इतकं नेमकं काम मी क्वचित केलंय. आणि चार दिवसांनी त्यांचा फोन, काडीचाही फरक नाही."

"मग पुन्हा चित्र काढलं?"

"यायलाच तयार नाहीत. डोक्याचा साधा एमआरआय, त्याला सुईसुद्धा लागत नाही. तरी नाही. पोलिसांना मी दाखला दिला तो पेशंटच्या सांगण्यावरूनच, की पाच मिनिटांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही."

"उपचाराआधी कुठे दुखायचं त्यांचं?"

डॉक्टरने फाइल उघडली. "मानेच्या मागे, कवटीच्या तळाशी. दर वेळी तेच. कलत्या टेबलावर डोकं खाली गेलं तेव्हा ते चक्क झोपी गेले. एवढा आराम वाटला त्यांना."

शंकाबाईंनी वही पुढे केली. "ही गोळी तुम्ही दिली होती?"

"हो, दहा गोळ्या. गरज पडली तरच घ्या म्हटलं होतं. गळती चालू असेल तर तिचा उपयोग शून्य, उलट अपाय. का?"

"तिसरं पाकीट चालू आहे."

डॉक्टरची नजर पडद्यावरच्या त्या पांढऱ्या धाग्याकडे गेली. मग तिने फाइल हळूच बंद केली. "तुम्ही मला घेऊन चला तिथे," ती म्हणाली.

---

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरल्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. इन्स्पेक्टर दाराशी घड्याळ बघत उभा. थोरली पलंगाशी, धाकटी भिंतीला टेकून. तिच्या डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. सकाळी तिला कळलं होतं की नवऱ्याच्या त्याच हाताची दोन बोटंही मोडली.

"बाई, माझा वेळ फुकट घालवू नका," इन्स्पेक्टर म्हणाला. "संध्याकाळपर्यंत तो कबूल होतोय."

"दहा मिनिटं, साहेब. भाऊजी, लावा."

भाऊजींनी पलंगाचा पायाकडचा भाग उचलला आणि खाली दगडाचे चौकोनी ठोकळे सरकवले. एकावर एक, दोन थर. पलंग कलला, थोरल्याचं डोकं खाली गेलं.

"हे काय चाललंय?" थोरली ओरडली.

"काही अपाय नाही," डॉक्टर म्हणाली. "या आजारात डोकं खाली म्हणजे विश्रांती. टेबलावर ते असेच झोपले होते."

थोरला डॉक्टरकडे बघत होता. शंकाबाई खुर्चीत बसल्या.

एक मिनिट गेलं. त्याच्या कपाळाची शीर वर आली. दुसऱ्या मिनिटाला त्याने गादी दोन्ही मुठींत धरली. चेहरा आधी लाल, मग जांभळा. तिसऱ्या मिनिटाला घशातून एक आवाज निघाला, जनावरासारखा. तो कुशीवर वळला, ओकला, आणि डोकं दोन्ही हातांत धरून ताडकन उठून बसला.

बसल्यावर त्याचा श्वास हळूहळू ताळ्यावर आला.

"आता बरं वाटतंय ना?" शंकाबाईंनी विचारलं. "बसल्यावर?"

"साहेब, डॉक्टरीणबाईंचा गोंद लागू पडला होता," शंकाबाई म्हणाल्या. "पहिल्याच वेळी. गळती बुजली की काही जणांचं उलटं होतं. वर्षभरात शरीर जास्तीचं पाणी बनवायला शिकलेलं असतं, आता ते बाहेर जात नाही. डोक्यात दाब वाढतो. मग आडवं झालं की दुखतं आणि उभं राहिलं की बरं वाटतं. दुखायची जागाही बदलते. मानेमागून कपाळात येते, डोळ्यांच्या मागे. यांनी काल माझ्यासमोर कपाळ दाबलं. सोंग जुन्या आजाराचं होतं, दुखणं नव्याचं. म्हणून दिवसा आम्हांला दाखवायला सपाट आणि रात्री तीन उशा. आणि गोळी. ती पाणी कमी करणारी गोळी आहे. ज्याचं पाणी गळतंय त्याची ती वाट लावेल. यांना ती एकटीच मानवली."

"पण चौदा महिने पडलेला माणूस..." इन्स्पेक्टरचं घड्याळाकडे लक्ष राहिलं नव्हतं.

"सहा आठवडे चालण्याचा सराव केला. अनवाणी, या खोलीत, बायको खाली असताना. पडून राहिलेला तळवा मऊ होतो, त्याला फोड आला. अंथरुणाची जखम टाचेला होते, भाऊजी. बोटांच्या मुळाशी नाही. ती जागा गादीला टेकतच नाही."

भाऊजींनी नकळत आपल्या बुटाकडे पाहिलं.

"सोमवारी दोन्ही बायकांना बाहेर पाठवलं. मशीन थांबली, जिना उतरले. रबरी एप्रन घातला, घण घेतला. सात घाव. मग कापायच्या मशीनच्या पाण्याखाली अंग धुतलं आणि एप्रन गाळाच्या हौदात टाकला. साहेब, हौद उपसा, आठवा एप्रन मिळेल. आणि डोक्याचा एमआरआय करा. ओघळलेला मेंदू वर आलेला दिसेल."

थोरल्याने तोंड पुसलं. बोलला तेव्हा आवाज शांत होता. "गोंद भरल्यावर चौथ्या सकाळी उठून बसलो. दुखलं नाही. उभा राहिलो. बायकोला हाक मारायला जिन्यापर्यंत गेलो. खाली भागीदार कुणाला तरी सांगत होता, हसत होता. एक पाचर काढली, मालक जन्माचा आडवा, म्हणाला. मी परत येऊन पडलो. आणि डॉक्टरांना फोन केला."

"त्याला मारलं याचं मला काही नाही," धाकटी भिंतीपासून पुढे आली. "माणूस नव्हताच तो. पण यांचा हात मोडला तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"मागचं दार उघडं असायला हवं होतं. बाहेरून कुणी आलं असं वाटलं असतं. नेमकी त्याच दिवशी भागीदाराने कडी लावली. मला वाटलं, सुटेल."

"मी विचारलं, तुम्ही काय करत होतात?"

थोरल्याने मान खाली घातली. "पडून होतो."

तिने त्याच्या मुस्कटात मारली. मग दुसरी. तिसरीला त्याच्या ओठातून रक्त आलं. त्याने हात वर केला नाही आणि इन्स्पेक्टरनेही तिला अडवलं नाही. दमल्यावर ती आपणच थांबली. सहा आठवडे थोरलीने ज्याची घाण काढली होती, तो धडधाकट माणूस ती पहिल्यांदाच बघत असावी. ती खोलीबाहेर गेली.

---

धाकट्याला दुसऱ्या सकाळी सोडलं. एप्रन रात्रीच हौदात सापडला होता. तो पोलीस ठाण्याच्या पायऱ्या भिंत धरत उतरला. हात गळ्यात बांधलेला, एक डोळा मिटलेला, तोंड सुजून वाकडं. धाकटी धावत पुढे गेली आणि मग कुठे धरावं तेच तिला कळेना. अंगावर दुखत नाही अशी जागाच दिसत नव्हती.

त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिने तिथेच पायरीवर बसवून सगळं सांगितलं. उशा, गोळ्या, घण, चौथी सकाळ. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "तुम्हांला फासावर जाऊ दिलं असतं त्यांनी."

धाकट्याची नजर जमिनीवर गेली. गाडीपाशी उभ्या असलेल्या शंकाबाईंना वाटलं, आता हा ओरडेल. शिव्या घालील.

"दादा उभा राहिला?" त्याने विचारलं.

"हो. पोलिसांच्या गाडीपर्यंत चालत गेले."

"किती वेळ उभा होता?"

"मोजलं नाही. बराच वेळ. पाव तास तरी."

"डोकं नाही ना दुखलं त्याचं?"

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. रागवायला तिने तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. धाकट्याने बरा असलेला हात तोंडावर घेतला आणि तो हमसून हमसून रडायला लागला. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. भाऊजींनी काही न विचारता गाडी सुरू केली आणि मागचं दार उघडून धरलं.